कानबान की मिन-मॅक्स? कार्ड लटकवलं म्हणून गल्लत होते

चाकण-भोसरी पट्ट्यातल्या कितीतरी कारखान्यांत बिनला (माल ठेवायच्या डब्याला) प्लास्टिकच्या पाकिटात कार्ड लावलेलं असतं, रॅकवर लाल-पिवळे-हिरवे पट्टे असतात आणि ऑडिटला आलेल्या ग्राहकाला ‘आमच्याकडे कानबान चालतं’ असं सांगितलं जातं. ऑर्डर मात्र रोज सकाळी स्टोअरचा माणूसच काढतो. सिस्टिममधला साठा किमान पातळीच्या खाली गेलेला दिसला की कमाल पातळी गाठेल एवढा माल मागवायचा. याला मिन-मॅक्स म्हणतात. त्यात वाईट काहीच नाही, पण कार्ड लावलं म्हणून त्याचं कानबान होत नाही. कानबानमध्ये बिन वापरायला घेतला की त्याचं कार्ड मागे जातं आणि त्या कार्डावर तेवढाच माल भरून येतो.

दोन्हींत माल वापरला गेला की मागवला जातो, म्हणून ही गल्लत होते. फरक दिसायला आकडे मांडावे लागतात.

समजा, दुचाकीच्या असेंब्ली लाइनला लागणारा एक वेल्डेड ब्रॅकेट आहे. रोज ४८० नग लागतात. दोन शिफ्ट, चहा-जेवण वगळून १५ तास काम, म्हणजे तासाला ३२ नग. एका बिनमध्ये ४० नग. कार्ड सुटल्यापासून भरलेला बिन लाइनवर परत येईपर्यंत दीड दिवस जातो, आणि वर २० टक्के सुरक्षा धरू.

कानबानमध्ये कार्डांची संख्या काढायची: ४८० × १.५ × १.२ ÷ ४० = २१.६, म्हणजे २२ कार्डं. कार्डाशिवाय बिन भरायचा नाही आणि कार्डाशिवाय हलवायचा नाही, हा नियम पाळला तर लाइन, स्टोअर, टेम्पो आणि व्हेंडरकडचा भरलेला माल मिळून ८८० नगांच्या वर कधीच जाऊ शकत नाही. प्रत्यक्ष लाइनजवळ त्याहून बराच कमी माल असतो, कारण काही कार्डं कायम वाटेत असतात.

आता तोच ब्रॅकेट मिन-मॅक्सवर. किमान पातळी ४८० × १.५ × १.२ = ८६४. त्यात दोन दिवसांची गरज मिळवून कमाल पातळी १,८२४. सोमवारी सकाळी ९ वाजता साठा ९०० आहे. किमानच्या वर आहे, म्हणून कुणी काही करत नाही. मंगळवारी ९ वाजता साठा ४२०. आता १,४०४ नगांची ऑर्डर निघते. माल यायला दीड दिवस, म्हणजे कामाचे साडेबावीस तास. आणि ४२० नग पुरतात तेरा तास. पुढचे नऊ-साडेनऊ तास लाइन उभी.

असं एकदा झालं की पर्चेसवाले किमान पातळीत एका दिवसाची गरज वाढवतात. किमान १,३४४, कमाल २,३०४. गणिताने ते बरोबरच आहे: साठा दिवसातून एकदाच बघायचा असेल तर त्या एका दिवसाचा माल जवळ ठेवावाच लागतो. दिवसातून चार वेळा बघितला तर कमी पुरेल, पण बघणार कोण? कानबानमध्ये हे बघण्याचं काम वापरणाऱ्याच्या हातूनच होतं. बिनमधला पहिला नग उचलताना ऑपरेटर कार्ड काढून पेटीत टाकतो, तोच इशारा.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि निम्मी कानबानं तिथेच बिघडतात. कार्ड पहिला नग उचलताना काढायचं, बिन रिकामा झाल्यावर नाही. आपल्या उदाहरणात ४० नगांचा बिन सव्वा तास चालतो. कार्ड शेवटी काढलं तर प्रत्येक इशारा सव्वा तास उशिरा जातो, आणि दीड दिवसाच्या हिशोबात तो सव्वा तास कुणी धरलेला नसतो. तसंच पेटीचं. मिल्क रनचा (व्हेंडरकडे ठरलेल्या फेऱ्या करणारा) टेम्पो दिवसातून तीन फेऱ्या मारत असेल, पण पेटी सकाळी एकदाच उघडली जात असेल, तर खरा लीड टाइम (कार्ड सुटल्यापासून माल परत येईपर्यंतचा वेळ) दीड दिवस नाही, अडीचच्या जवळ जातो. कार्डं मोजताना पेटीत पडून राहण्याचा वेळ, टेम्पोची वाट, व्हेंडरकडची रांग, प्रत्यक्ष वेल्डिंग आणि परतीचा प्रवास हे सगळं धरावं लागतं. व्हेंडरने फोनवर सांगितलेला ‘उद्या देतो’ हा लीड टाइम नव्हे.

व्हेंडरच्या बाजूने बघितलं तर फरक आणखी उघडा पडतो. कानबानवर त्याला रोज साधारण १२ बिन भरायचे असतात. मिन-मॅक्सवर एका दिवशी ३६ बिनांची मागणी येते आणि मग दोन-तीन दिवस काहीच नाही. एका दिवसात ३६ बिन वेल्ड करण्याएवढी जिग (वेल्डिंगला भाग धरून ठेवणारी चौकट) आणि माणसं तो ठेवणार नाही, म्हणून तो तयार माल साठवून ठेवतो. मागे पत्रा मागवताना तोही त्याच्या मिन-मॅक्सवर मागवतो, म्हणून पत्र्याच्या व्यापाऱ्याला आणखी मोठा झटका बसतो. या सगळ्या साठ्याचं व्याज शेवटी ब्रॅकेटच्या दरातच येतं.

मिन-मॅक्सचा दुसरा दुखरा भाग म्हणजे साठ्याची नोंद. रिजेक्शन (नापास माल) बुक झालं नाही, कुणी रात्रपाळीला चिठ्ठीवर माल उचलला, की सिस्टिम ३०० दाखवते आणि रॅकमध्ये १७० असतात. शिवाय वाटेतली ऑर्डर साठ्यात धरली नाही तर दुसऱ्या दिवशी तीच ऑर्डर पुन्हा निघते. काही सॉफ्टवेअरमध्ये ‘ई-कानबान’ नावाचं बटण असतं. आत डोकावलं तर पुष्कळदा हेच मिन-मॅक्स असतं.

कानबान नोंदीवर अवलंबून नाही, पण कार्डांवर पूर्ण अवलंबून आहे. म्हणून प्रत्येक कार्डावर १/२२, २/२२ असा क्रमांक हवा आणि आठवड्यातून एकदा पेटी, रॅक, टेम्पो आणि व्हेंडर मिळून २२ भरतात का हे मोजायला हवं. कार्ड हरवलं की लाइन अडते, मग घाईत कुणीतरी चार नवी छापतं. जुनी सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये सापडतात, पण नवी कुणी परत घेत नाही. मर्यादा ८८० वरून १,०४० वर गेलेली असते आणि कुणाला पत्ता नसतो.

मागणी दहाएक टक्के वर-खाली झाली तर कार्डं बदलू नयेत, ती नुसती भरभर फिरतात. गणपती ते दिवाळी दुचाकींची मागणी चढते तेव्हा मात्र हिशोब पुन्हा करावा. रोज ६०० नग धरले तर २७ कार्डं येतात. वरची पाच वेगळ्या रंगाची द्यावीत, म्हणजे दिवाळीनंतर ती काढून घेताना शोधत बसावं लागत नाही.

मिन-मॅक्स कुठे वापरावं? वेल्डिंग वायर, हातमोजे, इन्सर्ट, कूलंट, जे लागतं पण तालावर लागत नाही ते सगळं तिथे ठीक. नट-बोल्टसाठी दोन बिनांची पद्धत पुरते. एक संपला की तोच भरायला पाठवायचा. ते मिन-मॅक्स नाही, दोन कार्डांचं कानबानच आहे. समुद्रमार्गे आठ आठवड्यांनी येणाऱ्या भागाला मात्र कानबान लावू नये. त्याच ४८०च्या गरजेला, आठवड्याचे सहा दिवस धरून, सुरक्षा न धरताही ५७६ कार्डं होतील. तिथे अंदाज आणि वेळापत्रकच हवं.

प्रेस शॉपमध्ये दोन्हींच्या मधली सोय असते. डाय (प्रेसचा साचा) बदलायला दोन तास लागत असतील तर ४०-४० नग काढणं परवडत नाही. मग बिनांच्या थप्पीत ठरलेल्या जागी त्रिकोणी पत्र्याचं कार्ड लावतात. त्या बिनपर्यंत उतरलो की ठरलेला लॉट काढायचा. पातळी असते, म्हणून ते मिन-मॅक्ससारखं दिसतं. पण लॉटचा आकडा ठरलेला असतो, ‘कमालपर्यंत भरा’ नसतो.

आपल्याकडे नक्की काय चाललंय हे तपासायला त्या भागाच्या मागच्या वीस ऑर्डरी काढाव्यात. आकडे १,४०४, ९८५, १,११० असे निघाले तर भिंतीवर काहीही लिहिलेलं असो, ते मिन-मॅक्स आहे. सगळे ४० च्या पटीत आणि रोजचे असतील तर कानबान.

आणि बदलायचं ठरलंच तर सगळे भाग एकदम घेऊ नयेत. कानबानचे जनक मानले जाणारे टोयोटाचे अभियंते तायची ओनो यांनी टोयोटाच्या मुख्य कारखान्यातल्या मशिन शॉपमध्ये ही पद्धत १९५३ मध्ये लावली. कंपनीभर ती १९६२ मध्ये पोचली. एक भाग, एक व्हेंडर, २२ कार्डं. महिनाभर नीट चाललं की एक कार्ड काढून ठेवायचं. ४० नग कमी झाले. लाइन अडखळली नाही तर पुढच्या महिन्यात आणखी एक. अडखळली, तर कार्ड परत लावायच्या आधी पेटी किती वाजता उघडली गेली ते विचारावं. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं.