व्हेपरवेअर

व्हेपरवेअर : गाजावाजा करून जाहीर झालेले, पण सांगितलेल्या वेळी किंवा कधीच हाती न आलेले सॉफ्टवेअर. शब्दशः अर्थ ‘वाफेचा माल’. संगणक उद्योगातील हा शब्द साधारणतः १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पीसी गेम्सच्या संदर्भात विशेष रूढ झाला आणि लांबणीवर पडलेल्या गेमची वाट पाहणाऱ्यांच्या चेष्टेत, चिडीत व चिवट आशेत मुरला. मराठीत त्याला रुळलेला प्रतिशब्द नाही. ‘बोलाचीच कढी, बोलाचाच भात’ ही म्हण त्या मालाला लागू पडते. त्यावरून होणाऱ्या भांडणांना ‘बाजारात तुरी, भट भटणीला मारी’ ही. नुसता उशीर म्हणजे व्हेपरवेअर नव्हे, असा भेद काटेकोर लेखक करतात. व्यवहारात तो पाळला जात नाही. तीन आठवड्यांनी पुढे गेलेल्या गेमलाही हे विशेषण चिकटते.

शब्दाची उत्पत्ती : याबाबत एकमत नाही. सर्वाधिक सांगितली जाणारी हकिगत १९८२ ची आहे. ॲन विनब्लॅड या तेव्हा अमेरिकेतील एका सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रमुख होत्या. झेनिक्स या यूनिक्सवर आधारलेल्या कार्यप्रणालीचे काम पुढे चालू राहणार का, असे त्यांनी मायक्रोसॉफ्टमधील अभियंत्यांना विचारले, तेव्हा त्यांतील एकाने ‘ते व्हेपरवेअर आहे’ असे उत्तर दिले. विनब्लॅड यांच्याकडून हा शब्द एस्थर डायसन यांच्याकडे गेला आणि डायसन यांनी नोव्हेंबर १९८३ मध्ये आपल्या ‘रिलीज १.०’ या वार्तापत्रात तो छापला. दुसऱ्या मतानुसार शब्दाचा प्रसार ओव्हेशन या कार्यालयीन सॉफ्टवेअरमुळे झाला. १९८३ मध्ये त्याचे थाटात प्रात्यक्षिक झाले, पैसे संपले, कंपनी बुडाली आणि सॉफ्टवेअर बाजारात आलेच नाही.

ही दोन मते एकमेकांना छेदतात असे नाही; एक शब्दाच्या जन्माविषयी बोलते, दुसरे तो तोंडी कसा बसला याविषयी. मात्र पहिली हकिगत मुख्यतः नंतरच्या आठवणींवर उभी असल्याने १९८३ चा छापील वापर हाच भक्कम आधार मानणे बरे. अर्थाच्या अंगाने एक बारकावा मात्र सहसा निसटतो. झेनिक्स अस्तित्वात होती, विकलीही जात होती. विनब्लॅड यांच्या हकिगतीत ‘वाफ’ म्हणजे विरत चाललेला माल. डायसन यांच्या लेखी अपुऱ्या उतरलेल्या चांगल्या कल्पना म्हणजे व्हेपरवेअर. ‘अजून बनलेच नाही ते विकणे’ हा फसवणुकीचा अर्थ नंतर चढला, आणि त्याला हातभार लावला विंडोजने. तिची घोषणा १० नोव्हेंबर १९८३ रोजी झाली आणि पहिली आवृत्ती २० नोव्हेंबर १९८५ रोजी आली. त्यावरून स्ट्युअर्ट ऑल्सप या पत्रकाराने बिल गेट्स यांना ‘सोनेरी व्हेपरवेअर’ पुरस्कार देऊन भर समारंभात टोपी उडवली. १९९५ मध्ये न्यायाधीश स्टॅन्ली स्पॉर्किन यांनी मायक्रोसॉफ्ट व अमेरिकी सरकार यांच्यातील समझोता नाकारताना याच प्रथेवर बोट ठेवले (पुढे अपील न्यायालयाने त्यांचा निर्णय फिरवला). स्पर्धकाचा ग्राहक अडवून धरण्यासाठी केलेली अकाली घोषणा, हा या शब्दाचा व्यापारी अर्थ तेथून पक्का झाला.

गेम्समधील वापर : गेमच्या बाबतीत स्पर्धक अडवण्याचा हेतू दुय्यम ठरतो. येथे उशिराचे कारण बहुधा तंत्राच्या पाठलागात असते. गेमचे इंजिन, म्हणजे दृश्य, प्रकाश, हालचाल, टक्कर हे सारे हाताळणारा मूळ आराखडा, १९९० च्या दशकात इतक्या वेगाने बदलत होता की अर्ध्यावर आलेला गेम जुनाट दिसू लागे. मग इंजिन बदलायचे, आणि ते बदलले की आधीचे बरेचसे काम टाकून द्यायचे. अमेरिकी गेम-निर्माते जॉन रोमेरो यांचा ‘दायकाताना’ १९९७ च्या नाताळात येणार होता. ‘क्वेक’ या गेमचे इंजिन सोडून क्वेक २ चे इंजिन घेतल्यावर तो मे २००० मध्ये आला. रोमेरो तुम्हाला लोळवणार, अशा अर्थाची शिवराळ जाहिरात त्याआधीच १९९७ मध्ये झळकली होती. गेम पडल्यावर लोकांनी सूड उगवला तो त्या जाहिरातीवर. उशीर एकवेळ त्यांनी माफ केला असता.

या प्रकाराचे आदर्श उदाहरण ‘ड्यूक न्यूकम फॉरएव्हर’. थ्रीडी रियल्म्स या टेक्ससमधील कंपनीने तो एप्रिल १९९७ मध्ये जाहीर केला. क्वेक २ चे इंजिन घेतले. १९९८ मध्ये ते सोडून अनरियल हे इंजिन घेतले. २००१ च्या ई-थ्री या गेम्सच्या प्रदर्शनात दाखवलेल्या ट्रेलरने लोक वेडे झाले. नंतर वर्षानुवर्षे तारखेच्या जागी एकच उत्तर मिळे : ‘होईल तेव्हा’. ‘वायर्ड’ या अमेरिकी तंत्रज्ञानविषयक नियतकालिकाची वार्षिक व्हेपरवेअर यादी १९९७ पासून निघत असे. तीत हा गेम २००१ व २००२ मध्ये अव्वल आला, २००३ मध्ये त्याला थेट जीवनगौरव देऊन निवृत्त केले गेले, आणि वाचक ऐकेनात म्हणून तो पुन्हा यादीत परतला. मे २००९ मध्ये गेम बनवणारा चमू घरी पाठवण्यात आला, प्रकाशक टेक-टू न्यायालयात गेला, सप्टेंबर २०१० मध्ये गिअरबॉक्स या दुसऱ्या गेम कंपनीने अर्धवट काम हाती घेतले आणि १० जून २०११ रोजी (उत्तर अमेरिकेत चार दिवसांनी) गेम खरोखरच विक्रीस आला. तत्पूर्वी गिअरबॉक्सनेही तो एकदा, सुमारे महिनाभर, पुढे ढकलला. ती बातमी विनोदी चित्रफितीतून दिली गेली आणि लोक हसले.

या चौदा वर्षांत तयार झालेले विनोद आज स्वतंत्र अभ्यासाचा विषय व्हावेत. नावाची इंग्रजी आद्याक्षरे डीएनएफ. शर्यतीच्या निकालपत्रकात अर्धवट सुटलेल्या स्पर्धकापुढे हीच अक्षरे असतात. ‘फॉरएव्हर’ या शब्दाने तर टीकाकारांचे निम्मे काम आधीच करून ठेवले होते. गेम येईपर्यंत जगात काय काय उरकले, याच्या याद्या फिरत. तुलनेसाठी : चंद्रावर माणूस उतरवण्याची केनेडी यांची १९६१ ची घोषणा आणि १९६९ ची प्रत्यक्ष मोहीम यांत आठ वर्षे गेली होती. गेमची समीक्षा बहुतांशी प्रतिकूल झाली.

रोषाचे कारण : गेमर उशिरावर चिडतात, हे सर्वसाधारण मत पुरते खरे वाटत नाही. उपलब्ध प्रकरणे शेजारी ठेवली तर राग उशिराच्या लांबीप्रमाणे वाढत नाही. ठामपणे दिलेला शब्द किती उशिरा मागे घेतला गेला, यावर तो अवलंबून दिसतो. ‘हाफ-लाइफ २’ चे प्रकरण यादृष्टीने बोलके आहे. मे २००३ मध्ये व्हॉल्व्ह या निर्मात्या कंपनीने तो दाखवला आणि ३० सप्टेंबर ही तारीख दिली. उन्हाळाभर ती कायम होती. गेम वेळेत होणार नाही, हे जाहीर झाले २३ सप्टेंबरला, म्हणजे आठवडा उरला असताना. दरम्यान अनेकांनी खास या गेमसाठी संगणक बदलले होते. एटीआयच्या रेडिऑन ९८०० एक्सटी या त्या काळच्या महागड्या ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यात ‘हाफ-लाइफ २’ चे कूपन असे. कार्ड दुकानात आले, कूपन हातात पडले, आणि ते वटवायचा गेम वर्षभर नव्हता. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेमचा चोरलेला मूळ कोड जाहीर झाला, तेव्हा उशिराचे खापर अनेकांनी चोरीवर फोडले. तारखांचा क्रम मात्र सरळ आहे : विलंबाची घोषणा आधी, गळती नंतर. गेम १६ नोव्हेंबर २००४ रोजी आला व नावाजला गेला.

याच मालिकेचा ‘एपिसोड थ्री’ २००७ अखेरीस येणार, असे सांगितले गेले होते. तो आजतागायत आलेला नाही आणि रद्द झाल्याची रीतसर घोषणाही नाही. ४ फेब्रुवारी २०१२ रोजी चाहत्यांनी ठरवून एकाच वेळी ‘हाफ-लाइफ २’ सुरू केला. सात वर्षे जुन्या गेमवर सुमारे १३ हजार लोक एकदम दिसले. गेम द्या अशी त्यांची मागणी नव्हती. काही तरी बोला, एवढेच मागणे होते. ‘व्हॉल्व्हचा वेळ’ हा, सांगितलेली तारीख हमखास हुकण्याला उद्देशून केलेला शब्दप्रयोग तर कंपनीनेच हसत स्वीकारला.

मियामोटो यांचे तथाकथित वचन : कोणताही गेम लांबला की एक वाक्य हमखास पुढे येते. उशिरा आलेला गेम अखेर चांगला निघतो, घाईत काढलेला कायमचा वाईट राहतो, अशा अर्थाचे हे वाक्य जपानी गेम कंपनी निन्टेन्डोचे शिगेरू मियामोटो यांच्या नावावर खपवले जाते. त्यासाठी समकालीन जपानी वा इंग्रजी मुलाखतीचा आधार कोणी दाखवलेला नाही. उलट, उशीर माल सुटेपर्यंतच असतो, वाईटपणा कायमचा असतो, असे त्याच धाटणीचे वाक्य १९९० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकी गेम-निर्मात्यांत प्रचलित होते. ओरिजिन सिस्टिम्समधील शिवॉन बीमन यांच्याशी ते जोडले जाते. व्हॉल्व्हचे गेब न्यूएल यांनीही पुढे त्याच अर्थाचे उद्गार काढले. बीमन यांनी ते स्वतः घडवले की उचलले, हा प्रश्न खुला ठेवला तरी मियामोटो यांच्या नावाचा दावा कच्चाच ठरतो. त्यांचे नाव चिकटण्याचे कारण उघड आहे : त्यांचे काही गाजलेले गेम उशिरा आले आणि उत्तम निघाले. ‘ड्यूक न्यूकम’ हे या वचनाला सणसणीत प्रतिउदाहरण असूनही वचनाचा खप घटलेला नाही.

सायबरपंक २०७७ : पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने २०१२ मध्ये घोषित केलेल्या या गेमची तारीख प्रथम १६ एप्रिल २०२० होती. जानेवारीत ती १७ सप्टेंबरवर, जूनमध्ये १९ नोव्हेंबरवर आणि २७ ऑक्टोबरला १० डिसेंबरवर गेली. प्रत्येक खुलासा पिवळ्या पार्श्वभूमीवर काळ्या अक्षरांत असे. पिवळा चौकोन दिसला की मजकूर वाचण्याआधीच लोक कपाळावर हात मारून घेत. दूधवाल्यापासून लग्नापर्यंत वाटेल त्या विलंबाची नोटीस त्याच साच्यात बनवण्याचा उद्योग गेमरांत सुरू झाला. शेवटचा विलंब अवघा २१ दिवसांचा, पण सर्वाधिक संताप त्यावरच उसळला. कारणे दोन. ५ ऑक्टोबरला गेम ‘गोल्ड’ झाल्याचे जाहीर झाले होते. सीडीच्या काळात ‘गोल्ड’ म्हणजे छपाईला जाणारी मूळ तबकडी तयार होणे. लोकांच्या लेखी त्यानंतर तारीख बदलत नाही. आता त्याचा अर्थ ‘चालण्याजोगी आवृत्ती सिद्ध, दुरुस्त्या पहिल्या दिवशी’ एवढाच उरला आहे, हे कंपनीला समजावून सांगावे लागले. दुसरे, आदल्याच दिवशी, कामावर रजा टाकू पाहणाऱ्या एका चाहत्याला कंपनीच्या ट्विटर खात्यावरून तारखेची निःसंशय खात्री देण्यात आली होती. रजा मंजूर झाली, गेम नाही. त्यानंतर निर्मात्यांना जिवे मारण्याच्या धमक्या गेल्या.

धमक्यांचा प्रकार नवा नव्हता. मे २०१६ मध्ये ‘नो मॅन्स स्काय’ जूनऐवजी ऑगस्टमध्ये येणार, ही बातमी देणाऱ्या पत्रकारालाच धमक्या आल्या. बातमी खरी ठरल्यावर त्यांचा रोख निर्माते शॉन मरे यांच्याकडे वळला. संख्येने असे लोक थोडे असावेत. पण सभ्यपणे वाट पाहणारे कोणाच्या नजरेत भरत नाहीत, त्यामुळे एकूण गेमरांची प्रतिमा याच थोड्यांवरून ठरते.

इतर प्रकार : ‘जीटीए ५’ (ग्रँड थेफ्ट ऑटो ५) कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रांवर, सप्टेंबर २०१३ मध्ये आला, पीसीवर तो आणावा म्हणून लाखो सह्यांची याचिका झाली आणि नंतरही २७ जानेवारी, २४ मार्च अशा तारखा हुकत १४ एप्रिल २०१५ उजाडला. ‘स्टार सिटिझन’ वेगळ्या जातीचा आहे. २०१२ च्या लोकवर्गणीच्या वेळी नोव्हेंबर २०१४ चे उद्दिष्ट होते. जमलेली रक्कम ७० कोटी डॉलरपलीकडे गेली तरी गेम पूर्ण झालेला नाही. येथे वाट पाहणारा हाच सावकार असल्याने त्याची प्रतिक्रिया ग्राहकापेक्षा रखडलेल्या इमारतीतील फ्लॅटधारकाशी अधिक जुळते : शिव्याही देतो आणि प्रकल्प बुडेल या भीतीने पाठराखणही करतो.

ॲडलेडच्या टीम चेरीचा ‘हॉलो नाइट : सिल्कसाँग’ फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झाला व ४ सप्टेंबर २०२५ रोजी आला. प्रत्येक ऑनलाइन प्रदर्शनाआधी चाहते, पुन्हा मूर्ख ठरण्याच्या तयारीने, स्वतःचीच विदूषकाच्या रंगरंगोटीतील चित्रे टाकत. उशीर साडेसहा वर्षांचा. तरी ओरड फारशी नाही. तारीखच दिलेली नसल्याने मोडलेले वचन कमी होते, हे त्याचे एक कारण दिसते. नाही म्हणायला २०२२ मध्ये ‘पुढील बारा महिन्यांत’ असे सूचित झाले होते, आणि तेवढ्यापुरती कुरकुर झालीच.

भारतात : येथील गेमरांचा सहभाग प्रामुख्याने जागतिक चर्चेतूनच दिसतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ २०१७ मधील लोकवर्गणी अपुरी पडूनही तग धरून राहिला, ऑगस्ट २०२० मध्ये तो निन्टेन्डो स्विचवर आला, पीसीवाल्यांना १५ ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागले. एरवी वाट पाहण्याचा शेवटचा टप्पा घड्याळाच्या फरकाने ठरतो. ‘सायबरपंक’ पीसीवर भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाचला उघडला. ‘सिल्कसाँग’ संध्याकाळी साडेसातला विक्रीस आला. त्याच क्षणी स्टीमसह गेम विकणाऱ्या अनेक ऑनलाइन दुकानांची पाने कोलमडली आणि पैसे भरायचे बटण बराच वेळ दाबलेच जाईना.