रिझर्व्ह बँकेतील उन्हाळी इंटर्नशिप: कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांचे अर्ज कुठे अडकतात

मार्च महिना उजाडला की एम.कॉम., एम.बी.ए. आणि विधी शाखेचे विद्यार्थी रिझर्व्ह बँकेतल्या इंटर्नशिपचा अर्ज कुठे भरायचा, असे विचारत येऊ लागतात. तोपर्यंत त्या वर्षीच्या अर्जांची मुदत संपून अडीच-तीन महिने झालेले असतात, मुलाखती होऊन गेलेल्या असतात आणि निवडही जवळपास पूर्ण झालेली असते. या विद्यार्थ्यांना परत पाठवताना वाईट वाटते, कारण त्यांच्यापैकी बरेच जण अभ्यासात कुठेही कमी नसतात. त्यांना योजनेचे वेळापत्रक वेळेवर कोणी सांगितलेले नसते, एवढेच. ज्यांचा अर्ज मुदतीत जातो त्यांच्यापैकीही अनेकांचे नाव गुणांमुळे नव्हे, तर पात्रतेची एक अट चुकीची वाचल्यामुळे किंवा महाविद्यालयाने दिलेल्या अपुऱ्या दाखल्यामुळे मागे पडते. म्हणून या लेखात सोप्या टप्प्यांवर फार वेळ न घालवता अडणाऱ्या जागांविषयीच सविस्तर लिहिले आहे.

योजनेचे स्वरूप थोडक्यात असे आहे. रिझर्व्ह बँक दरवर्षी देशभरातून जास्तीत जास्त १२५ विद्यार्थ्यांना उन्हाळी इंटर्नशिपसाठी घेते. प्रकल्पाचा कालावधी एप्रिल ते जुलै या महिन्यांत आणि जास्तीत जास्त तीन महिन्यांचा असतो. दरमहा २०,००० रुपये विद्यावेतन मिळते. अर्ज ऑनलाइन भरायचा असून त्याची मुदत दरवर्षी १५ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर अशी असते. मुलाखती साधारणपणे जानेवारी-फेब्रुवारीत होतात आणि निवड झालेल्यांची नावे फेब्रुवारी-मार्चमध्ये कळतात.

आता पात्रता. व्यवस्थापन, संख्याशास्त्र, विधी, वाणिज्य, अर्थशास्त्र, अर्थमिती, बँकिंग किंवा वित्त या विषयांतील पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे अथवा पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाचे विद्यार्थी, तसेच तीन वर्षांच्या पूर्णवेळ एल.एल.बी.चे विद्यार्थी अर्ज करू शकतात. बी.कॉम. आणि बी.बी.ए.च्या विद्यार्थ्यांसाठी ही योजना नाही. त्यांनी गुणपत्रिका कितीही चांगली असली तरी येथे वेळ घालवू नये. त्यांच्यासाठीची वाट लेखाच्या शेवटी दिली आहे.

सर्वांत जास्त अर्ज ज्या अटीवर अडतात ती अट उपान्त्य वर्षाची आहे. उपान्त्य म्हणजे शेवटच्या वर्षाच्या लगेच आधीचे वर्ष. दोन वर्षांच्या एम.कॉम., एम.ए. किंवा एम.बी.ए.साठी ते पहिले वर्ष असते, तीन वर्षांच्या एल.एल.बी.साठी दुसरे आणि पाच वर्षांच्या बी.ए. एल.एल.बी.साठी चौथे. आपल्याकडे इंटर्नशिप ही शेवटच्या वर्षात करायची गोष्ट आहे अशी पक्की समजूत असल्यामुळे एम.कॉम. भाग दोनचा विद्यार्थी मोठ्या उत्साहाने अर्ज भरतो आणि पहिल्याच चाळणीत बाहेर पडतो, तर भाग एकमधला विद्यार्थी "आमचे अजून काहीच शिकून झालेले नाही" म्हणून गप्प बसतो आणि त्याचे एकमेव वर्ष निघून जाते. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात ही संधी एकदाच येते. पुढच्या वर्षी पाहू, असे म्हणायला येथे पुढचे वर्षच नसते.

यातच कोल्हापुरातल्याच नव्हे, तर सगळ्या महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांची एक खरी अडचण दडलेली आहे. सीईटी, समुपदेशनाच्या फेऱ्या आणि प्रवेशाची यादी या सगळ्यांतून एम.बी.ए.चे वर्ग अनेकदा ऑक्टोबर उजाडेपर्यंत नीट सुरू होत नाहीत. म्हणजे अर्जाची खिडकी उघडते तेव्हा पात्र विद्यार्थी नुकताच वर्गात येऊन बसलेला असतो, त्याच्या हातात ओळखपत्र नसते, पीआरएन म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक मिळालेला नसतो आणि पदव्युत्तर वर्गाची एकही गुणपत्रिका नसते. अशा वेळी विद्यार्थी गुणपत्रिकेची वाट पाहत थांबतात, ती चूक आहे. पहिल्या सत्राचा निकाल १५ डिसेंबरपूर्वी हाती येण्याची आशा धरू नये. दहावी, बारावी आणि पदवीचे गुण, प्रवेश निश्चितीची पावती आणि बोनाफाईड दाखला एवढ्यावर तयारी करावी. पदवीचे प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतर मिळते, म्हणून तेही नसले तर अंतिम सत्राची गुणपत्रिका आणि तात्पुरते प्रमाणपत्र जवळ ठेवावे.

मुदत दोन महिन्यांची आहे हे वाचून निर्धास्त होणाऱ्यांनी दिनदर्शिका उघडून बसावे. ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबरचा काही भाग दिवाळीच्या सुट्टीत जातो आणि त्या काळात महाविद्यालयाच्या कार्यालयात दाखल्यावर सही करणारे कोणी भेटत नाही. सुट्टी संपते तोच सत्र परीक्षेचे अर्ज आणि मग परीक्षा येते. कागद जमवायला प्रत्यक्षात मिळणारे कामाचे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. त्यामुळे दाखल्याचा अर्ज दिवाळीपूर्वीच कार्यालयात द्यावा आणि ऑनलाइन अर्ज नोव्हेंबर संपण्याआधी भरून टाकावा. शेवटच्या दिवशी संकेतस्थळ चालले नाही, हे कारण कोणीही ऐकून घेत नाही.

बोनाफाईड दाखल्याविषयी थोडे विस्ताराने लिहावे लागेल. महाविद्यालयांकडे दाखल्याचा एक छापील नमुना असतो, जो एस.टी.च्या पासपासून शिष्यवृत्तीपर्यंत सगळ्यांसाठी वापरला जातो. त्यात "सदर विद्यार्थी चालू शैक्षणिक वर्षात या महाविद्यालयात शिकत आहे" एवढेच लिहिलेले असते. अभ्यासक्रम किती वर्षांचा आहे, विद्यार्थी त्यातल्या कितव्या वर्षात आहे आणि तो पूर्णवेळ आहे की नाही, यांपैकी काहीही त्यात नसते. म्हणजे ज्या अटीवर निवड अवलंबून आहे तीच अट हा दाखला सिद्ध करत नाही. एका महाविद्यालयात याच कारणासाठी एका विद्यार्थिनीला तीन वेळा खेटे घालावे लागलेले मी पाहिले आहे. पहिल्यांदा लिपिक रजेवर होते, दुसऱ्यांदा "आमचा नमुना बदलता येत नाही" असे उत्तर मिळाले आणि तिसऱ्यांदा दाखला मिळाला तेव्हा त्यावर शिक्का होता, पण जावक क्रमांक (बाहेर जाणाऱ्या पत्राचा कार्यालयीन नोंद क्रमांक) नव्हता. एका ओळीची भर घालण्यासाठी विद्यार्थ्याला एवढे फिरावे लागू नये, असे मला मनापासून वाटते, आणि हे वाचणाऱ्या कार्यालयीन सहकाऱ्यांना माझी विनंती आहे की या योजनेसाठी एक वेगळा नमुना संगणकात तयार करून ठेवावा. दाखला इंग्रजीत असावा आणि त्यात विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, अभ्यासक्रमाचे नाव, त्याचा एकूण कालावधी, चालू वर्ष, अभ्यासक्रम पूर्ण होण्याचा अपेक्षित महिना आणि पूर्णवेळ असल्याचा उल्लेख यावा. संलग्न महाविद्यालयात प्राचार्यांची आणि शिवाजी विद्यापीठाच्या विभागात शिकत असल्यास विभागप्रमुखांची सही, शिक्का, दिनांक आणि जावक क्रमांक पाहूनच कार्यालयाबाहेर पडावे.

नावाचा प्रश्नही किरकोळ समजू नये. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, आधारकार्डावर स्वतःचे नाव आधी असते, कुठे वडिलांचे पूर्ण नाव तर कुठे नुसते आद्याक्षर असते, आणि लग्न झालेल्या विद्यार्थिनींच्या कागदांवर दोन आडनावे सापडतात. अर्जात नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे भरावे आणि ओळखपत्रातील फरक स्पेलिंगचा असेल तर तो मुलाखतीपूर्वी दुरुस्त करून घ्यावा. गुणांच्या बाबतीत, विद्यापीठाने टक्क्यांऐवजी सीजीपीए (सर्व सत्रांच्या गुणांकांची सरासरी) दिला असेल तर त्याची टक्केवारी विद्यापीठाच्याच सूत्राने काढावी. मित्राने सांगितल्याप्रमाणे दहाने किंवा साडेनऊने गुणून आलेला आकडा पुढे कागदपत्रे तपासताना जुळत नाही आणि चूक प्रामाणिक असली तरी संशय विद्यार्थ्यावर येतो.

अर्ज भरताना राज्य निवडायचे ते शिक्षणसंस्थेचे, घराचे नव्हे. राहणारा चंदगडचा असला आणि शिकायला बेळगावात असला, तर त्याची संस्था कर्नाटकातली ठरते. कोल्हापुरात शिकणाऱ्यांसाठी अर्थातच महाराष्ट्र. गोवा जवळ आहे म्हणून तिकडचे कार्यालय निवडण्याची सोय येथे नाही.

एक चूक मात्र अगदी टाळता येण्याजोगी आहे आणि तरीही ती दरवर्षी होते. राजारामपुरीतल्या किंवा आपल्या गावातल्या नेट कॅफेत अर्ज भरताना विद्यार्थ्याला स्वतःचा ई-मेल आठवत नाही, म्हणून कॅफेवाला आपलाच ई-मेल आणि मोबाईल क्रमांक टाकून देतो. मग मुलाखतीचे बोलावणे त्याच्या पेटीत शेकडो पत्रांखाली पडून राहते. ई-मेल स्वतःचाच द्यावा, त्याचा पासवर्ड वहीत लिहून ठेवावा आणि जानेवारी लागल्यापासून जंक फोल्डरसह रोज पाहावा.

मुलाखतीला बोलावले तर पत्रातील पत्ता आणि वेळ नीट वाचून आदल्या रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरावी. ती सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते आणि रिझर्व्ह बँकेच्या फोर्टमधल्या इमारती तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. आरक्षण बोलावणे आल्याच्या दिवशीच करावे. तयारीबाबत माझा आग्रह एकच आहे. कोल्हापूरचे विद्यार्थी पतधोरण समितीत किती सदस्य असतात, रेपो दर म्हणजे काय, हे पाठ करून जातात, ते आवश्यकही आहे, पण आपल्या हाताशी असलेली सामग्री ते विसरतात. सहकारी बँका, पतसंस्था, साखर कारखाने, दूध संघ, हुपरीचा चांदी व्यवसाय आणि इचलकरंजीचे यंत्रमाग यांच्या सावलीत वाढलेल्या मुलाला पतपुरवठा म्हणजे काय हे पुस्तकाआधी घरात कळलेले असते. सहकारी बँका १ मार्च १९६६ पासून बँकिंग नियमन कायद्याच्या कक्षेत आल्या, २०२० च्या दुरुस्तीने त्यांच्यावरील रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले आणि ठेव विमा ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत झाला. एवढे संदर्भ घेऊन आपल्या तालुक्यातला अनुभव शांतपणे सांगता आला तर उत्तराला वजन येते. नागरी सहकारी बँकांवरील प्रकल्पाची इच्छा असेल तर ती मोकळेपणाने सांगावी.

निवड झाल्यानंतर दोन गोष्टी घरच्यांशी आधीच बोलून घ्याव्यात. बँक राहण्याची सोय करत नाही. बाहेरगावच्या विद्यार्थ्याला नियमानुसार जाण्यायेण्याचे रेल्वे भाडे परत मिळते, त्यासाठी तिकिटे जपून ठेवावीत, पण मुंबईतली खोली, अनामत रक्कम आणि पहिल्या महिन्याचे जेवण हे विद्यावेतन हाती येण्यापूर्वीच भागवावे लागते. नातेवाइकांकडे सोय होत असेल तर संकोच न करता विचारावे. दुसरी गोष्ट गुप्ततेची. सुरुवातीलाच गोपनीयतेच्या घोषणापत्रावर सही करावी लागते, आणि त्यानंतर बँकेत पाहिलेला कागद किंवा आकडा व्हॉट्सअॅपवर मित्रांना दाखवणे हा गंभीर गुन्हाच समजावा.

दुसऱ्या सत्राची परीक्षा आणि प्रकल्पाचा काळ एकमेकांवर येण्याची शक्यता मोठी असते. विभागप्रमुखांना ही गोष्ट निवडीचे पत्र आल्यावर नव्हे, तर अर्ज करतानाच सांगावी. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदव्युत्तर पहिल्या वर्षी चार श्रेयांकांचे (क्रेडिट) ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे इंटर्नशिपचा एक श्रेयांक म्हणजे किमान ३० तास, म्हणजे चार श्रेयांकांना १२० तास. रिझर्व्ह बँकेतले काम त्याहून कितीतरी जास्त भरते, परंतु ते ग्राह्य धरले जाईल असे विभागाकडून आधी लेखी घ्यावे. तोंडी होकार निकालाच्या वेळी उपयोगी पडत नाही.

ज्यांना ही योजना लागू होत नाही त्यांनी नावांच्या गोंधळात अडकू नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत बँकांची नावे दिसतात, पण सुरुवातीच्या नियमांनुसार ती २१ ते २४ वयाच्या आणि पूर्णवेळ शिक्षण घेत नसलेल्या तरुणांसाठी होती. त्यामुळे नियमित वर्गात बसणाऱ्याने त्या त्या फेरीची सूचना वाचल्याशिवाय अर्ज करू नये. मोठ्या सरकारी बँकांच्या 'अप्रेंटिस' जाहिराती १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली निघतात. त्यांना पदवी पूर्ण लागते आणि स्थानिक भाषेची चाचणी असते. एकदा अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्याला दुसऱ्यांदा ती करता येत नाही. त्यामुळे घाईने कुठेही नाव नोंदवण्यापूर्वी विचार करावा.

बी.कॉम.च्या विद्यार्थ्याला श्रेयांकांसाठी बँकेतला अनुभव हवा असेल तर थेट शाखेत जाऊन व्यवस्थापकांना गळ घालण्याने फारसे काही होत नाही. ते नाही म्हणतात तेव्हा बहुधा त्यांच्या हातात तो अधिकारच नसतो. मोठ्या बँकेत परवानगी क्षेत्रीय कार्यालयाकडून आणि सहकारी बँकेत मुख्य कार्यालयाकडून येते, आणि तिला तीन-चार आठवडे सहज लागतात. महाविद्यालयाच्या लेटरहेडवर विद्यार्थ्याचे नाव, पीआरएन, कालावधी, एकूण तास, मार्गदर्शक शिक्षकाचे नाव आणि ग्राहकांच्या माहितीला हात लावणार नसल्याची हमी असलेले पत्र शाखेमार्फत वर पाठवावे आणि पोच घ्यावी. शेवटी मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर तासांचा आकडा लिहून घ्यावा, कारण "एक महिना काम केले" एवढ्यावर श्रेयांक देताना विभाग अडतो.

बँकेत इंटर्नशिप लावून देतो म्हणून नोंदणी शुल्क किंवा अनामत मागणारा संदेश आला तर एक रुपयाही पाठवू नये. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार बँकांनी आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर आणायची होती. त्यामुळे बँकेच्या नावाचा, पण या शेवटाचा नसलेला दुवा आल्यास तो उघडण्याआधी शाखेत जाऊन विचारावे. पैसे गेलेच असतील तर लाज न बाळगता त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि मदतीला घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्यावे.