टकटक टॅपेटची की तुटलेल्या स्टडची?

जुन्या कारच्या बॉनेटखाली टकटक सुरू झाली की आमच्याकडचा मिस्तरी लांबूनच निकाल देतो, "टॅपेट शे भाऊ." टॅपेट म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह ढकलणारा भाग, त्यातलं अंतर वाढलं की तो वाजतो. माझ्या गाडीचे टॅपेट असे दोनदा सेट झाले, टकटक तशीच. शेवटी एक्झॉस्टवरचा पत्रा काढला, तर मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या) टोकाचा स्टड, म्हणजे मॅनिफोल्ड हेडला आवळणारा आट्यांचा दांडा, तुटलेला आणि शेजारी हेडवर (इंजिनाच्या वरच्या भागावर) काजळीचा काळा ओघळ. स्टड तुटला की तिथे फट पडते आणि धूर टकटक करत सुटतो.

कानाला दोष देता येत नाही. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत व्हॉल्व्ह एकदाच उघडतो आणि त्या सिलिंडरचा धूरही एकदाच सुटतो, म्हणून दोन्ही आवाजांचा ताल सारखाच. ओळख पटते ती तापल्यावर आणि ओझ्याखाली. मॅनिफोल्ड तापून फुगला की फट मिटते, गळतीची टकटक दबते. स्क्रूने सेट होणारा टॅपेट गरम झाल्यावरही वाजतच राहतो. (हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारे टॅपेटही ऑइल चढल्यावर गप्प होतात, तिथे ही खूण फसवते.) चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गळती फटफट करत अंगावर येते, टॅपेट नुसता इंजिनाच्या वेगाबरोबर धावतो.

ही पारख मे महिन्यातल्या दुपारी करू नका. भुसावळला पारा 45 च्या आसपास असताना उन्हात उभं इंजिन थंड कसलं? पहाटे पहिल्या स्टार्टला ऐका. कुणाला तरी सायलेन्सरच्या तोंडावर ओलं जाड फडकं क्षणभर धरायला सांगा. गळती असेल तर फुसफुस लगेच वाढते, टॅपेटला फरक पडत नाही.

टॅपेटचं काम फीलर गेजचं (अंतर मोजायच्या पातळ पट्ट्यांचं), तासाभराचं. स्टडचं तसं नाही. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, मॅनिफोल्ड बिडाचा; सारखंच तापवलं तर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. दोघांच्या त्या ओढाताणीत टोकाचे स्टड आधी जातात. टोकाचा एकच तुटलाय, आवाज नाही, काजळी नाही, तर मी हात लावणार नाही. मॅनिफोल्ड दुसऱ्या कामासाठी उतरेल तेव्हा बघू. आवाज येत असेल तर मात्र टाळाटाळ नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो एसीच्या हवेबरोबर आत येऊ शकतो. शिवाय फटीतून बाहेरची हवा ओढली गेली की धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरला मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, वाटतं आणि इंजिन उगाच जास्त पेट्रोल पितं.

खर्च ठरतो तुटलेल्या तुकड्यावर. थोडा बाहेर असेल तर त्यावर नट वेल्ड करतात. त्या उष्णतेने गंज सुटतो आणि तुकडा बऱ्याचदा फिरून निघतो. हेडच्या पातळीत तुटला असेल तर बरोबर मध्यावर ड्रिल लागतं. ड्रिल घसरलं की मऊ अ‍ॅल्युमिनियम खातं, आणि उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर (तुकडा फिरवून काढायचं कडक पोलादी हत्यार) आतच मोडला तर तो ड्रिललाही दाद देत नाही. म्हणून गाडी सोडण्याआधी मिस्तरीला एवढंच विचारा: तुकडा वेल्डने काढणार की ड्रिलने?