हरवलेला इंटरप्ट आणि बेवारस इंटरप्ट

गळीत हंगामात कोल्हापूर परिसरातील साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असताना संगणकावरचा आकडा अडखळू लागला, की बाहेरून लक्षण एकच दिसते. त्यामागचे दोष मात्र दोन आणि परस्परविरुद्ध असू शकतात. काट्याचा इंडिकेटर सिरियल पोर्टवर अक्षरे पाठवतो, पोर्टची चिप इंटरप्ट, म्हणजे ‘इकडे लक्ष दे’ अशी प्रोसेसरला वर्दी, देते आणि ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण हाताळणारा प्रोग्राम, ती अक्षरे उचलतो.

इंटरप्ट हरवतो तेव्हा उपकरणाचे काम झालेले असते, पण त्याची वर्दी प्रोसेसरपर्यंत पोहोचत नाही. एज-ट्रिगर्ड जोडणीत वर्दीच्या तारेची, म्हणजे लाईनची, पातळी बदलण्याचा क्षण तेवढाच टिपला जातो. त्यामुळे पहिली विनंती निस्तरण्याआधीच दुसरी आली आणि मधे लाईन खाली उतरलीच नाही, तर दुसऱ्या विनंतीची खूण उमटत नाही. म्हणून हँडलरने, म्हणजे ड्रायव्हरच्या इंटरप्ट हाताळणाऱ्या भागाने, काहीही शिल्लक नाही असे दिसेपर्यंत पुन्हापुन्हा तपासले पाहिजे. कधी दोष चिपमध्येच असतो: पाठवण्याचा बफर (अक्षरांचा तात्पुरता साठा) रिकामा झाल्याचा इंटरप्ट नीट न देणाऱ्या चिपसाठी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा ८२५० हा सिरियल पोर्टचा ड्रायव्हर बॅकअप टायमर लावतो.

बेवारस इंटरप्टचे उलट आहे. वर्दी येते, पण त्या सामाईक लाईनवरचा एकही ड्रायव्हर तिला आपली म्हणत नाही. लेव्हल-ट्रिगर्ड, म्हणजे क्षणाऐवजी पातळी पाहणाऱ्या जोडणीत, लाईन कारण मिटेपर्यंत चढलेलीच राहत असल्याने इंटरप्टचा अक्षरशः पूर येतो. त्या लाईनवरच्या १,००,००० इंटरप्टपैकी ९९,९०० हून अधिक बेवारस निघाले, तर लिनक्स ‘नोबडी केअर्ड’ अशी नोंद करून ती लाईनच बंद करतो.

गफलत होते ती इथेच. लाईन बंद झाल्यावर तिच्यावरच्या निर्दोष उपकरणांचे इंटरप्टही येईनासे होतात आणि ते हरवल्यासारखे भासतात. कर्नल (लिनक्सचा गाभा) अशा लाईनची विचारपूस दर ०.१ सेकंदाने करत राहतो, परंतु ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट्स या वेगाला) १६ अक्षरांचा बफर सुमारे १७ मिलिसेकंदांत भरतो. उरलेली अक्षरे वाया जातात आणि वजन तुटक दिसते.

म्हणून मी प्रथम ‘/प्रॉक/इंटरप्ट्स’ (/proc/interrupts) या फाईलमधला त्या लाईनच्या इंटरप्टचा आकडा पाहतो. तो लाखांनी उसळून थबकला असेल आणि कर्नलच्या लॉगमध्ये वरील नोंद असेल, तर दोष बेवारस इंटरप्टचा आहे. उपकरणाच्या स्टेटस रजिस्टरमध्ये (स्वतःची स्थिती दाखवणाऱ्या नोंदीत) काम झाल्याचे दिसते, पण आकडा वाढत नाही आणि लॉगही कोरा आहे, तेव्हाच इंटरप्ट हरवल्याचा संशय घ्यावा.

हरवण्यावर उपाय टायमरचा: मुदत संपली की उपकरण रीसेट करण्यापूर्वी स्टेटस वाचावे, काम झालेले असल्यास ते स्वीकारावे, आणि उशिरा आलेला इंटरप्ट तेच काम दुसऱ्यांदा पूर्ण करणार नाही यासाठी लॉक (एका वेळी एकालाच काम करू देणारे कुलूप) घ्यावा. बेवारस लाईनवर हा टायमर लावणे मला चुकीचे वाटते, कारण त्याने मूळ पूर थांबत नाही. तिथे लाईन चढती ठेवणारे उपकरण शोधावे लागते. आणि स्टेटस न पाहताच ‘इंटरप्ट माझा होता’ असे उत्तर देणारा एखादा ड्रायव्हर त्या लाईनवर असेल, तर कर्नलची मोजणीच फसते आणि पूर असूनही वरील नोंद कधी उमटत नाही.