नगरपरिषदेचे अंदाजपत्रक

महाराष्ट्रातील लहान शहरांच्या स्थानिक संस्थेचा वार्षिक जमाखर्चाचा आराखडा. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ हा त्याचा आधार. या अधिनियमानुसार नगरपरिषदांचे लोकसंख्येवरून तीन वर्ग होतात : एक लाखाहून अधिक वस्तीची ‘अ’, चाळीस हजारांहून अधिक ते एक लाखापर्यंत ‘ब’ आणि त्याखालील ‘क’. कारभारात ‘बजेट’ हा शब्द रुळला असला, तरी ठरावांत व दप्तरात ‘अंदाजपत्रक’ हाच शब्द आढळतो आणि तोच अधिक नेमका आहे. कारण यातील बहुतेक आकडे अंदाजच असतात.

इतिहास : बंगालसाठी १८४२ मध्ये झालेला नगरसुधारणेचा कायदा घरांवरील प्रत्यक्ष करावर उभा होता. लोकांनी तो स्वीकारला नाही व तो जवळजवळ निष्फळ ठरला. १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने अप्रत्यक्ष कर बसवण्याची मुभा दिली. हा कायदा सक्तीचा नव्हता. रहिवाशांची इच्छा असेल तेथेच तो लागू होई. तरीही मुंबई इलाख्यात त्याचा प्रसार झपाट्याने झाला. त्याचे श्रेय काही अभ्यासक इलाख्यातील अधिकाऱ्यांच्या उत्साहाला देतात, तर काही जकातीच्या सोयीला. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. नाक्यावर माल अडवून घेतलेला कर अखेर ग्राहक भरतो, पण तो भरल्याचे त्याला जाणवत नाही. घरपट्टीची मागणी मात्र थेट दारात येते.

राज्यातील पहिली नगरपालिका कोणती, याबद्दल एकमत नाही. पनवेलचा दावा १८५२ चा असून तो बराच प्रसिद्ध आहे. सोलापूर, सातारा इत्यादी शहरांतील नगरपालिकाही त्याच सुमाराच्या मानल्या जातात. कायदा लागू झाल्याची अधिसूचना, समितीची पहिली बैठक आणि कराची पहिली वसुली यांपैकी कोणती घटना ‘स्थापना’ धरायची, यावर उत्तर बदलते. अंदाजपत्रकाच्या इतिहासापुरती पहिली वसुलीच महत्त्वाची मानावी.

व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या स्थानिक स्वराज्याविषयीच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई जिल्हा नगरपालिका अधिनियम १८८४ मध्ये व नव्याने १९०१ मध्ये झाला. विदर्भात मध्य प्रांताचा १९२२ चा आणि मराठवाड्यात हैदराबादचा १९५६ चा कायदा चालू होता. १९६५ च्या अधिनियमाने हे वेगवेगळे कायदे एका सूत्रात आणले.

जकात : हा शब्द अरबी ‘झकात’ (धर्मादाय दान) यापासून फारसीमार्गे मराठीत आला आणि वाटेत त्याचा अर्थ पालटला. मराठेशाहीच्या कागदपत्रांत तो मालावरील वाहतूक-कर या अर्थी येतो. नगरपालिकांची जकात ही त्या जुन्या जकातीचीच परंपरा, की युरोपीय नगरांतील प्रवेशकराची नक्कल, यावर दोन पक्ष आहेत. नाव जुने व कर नवा, असे म्हणणे सुरक्षित ठरेल. मराठेशाहीत वाटेने केवळ पुढे जाणाऱ्या मालावरही कर पडे. नगरपालिकेची जकात फक्त हद्दीत ‘उपभोग, वापर किंवा विक्री’ यांसाठी येणाऱ्या मालावर होती. माल हद्दीबाहेर गेल्यास परतावा मिळे. संविधानाच्या राज्यसूचीतील ५२ व्या नोंदीत हीच मर्यादा लिहिलेली होती. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने ती नोंद वगळली.

नगरपरिषद क्षेत्रातील जकात राज्य शासनाने १९९९ मध्ये रद्द केली व तिच्याऐवजी अनुदान सुरू केले. नाक्यावरील खोळंबा संपला, हा लाभ खराच. पण जकात रोज जमा होई व आठवड्याचा खर्च तिच्यातून भागे. अनुदान शासनाच्या आदेशाने येते. आज बहुतेक नगरपरिषदांत पगार व निवृत्तिवेतनाचा मोठा भाग या सहाय्यक अनुदानावर अवलंबून असतो. व्यवसायकर १९७५ मध्ये राज्याकडे गेला होता. त्यामुळे स्वतःचे म्हणावे असे मोठे साधन घरपट्टी हेच उरले.

घरपट्टीची आकारणी : घर वा जागा वर्षभरासाठी भाड्याने दिल्यास रास्तपणे जे भाडे यावे, ते वार्षिक भाडेमूल्य. त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा केल्यावर करयोग्य मूल्य उरते आणि त्यावर ठरावीक टक्क्यांनी कर बसतो. उदा., रास्त भाडे वर्षाला १२,००० रुपये धरल्यास करयोग्य मूल्य १०,८०० रुपये होते. सारा वाद ‘रास्त’ या शब्दाचा आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे (कायद्याने घेता येणारे कमाल भाडे) मुख्यतः १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याशी जखडले. जेथे भाडेनियंत्रण लागू आहे तेथे करमूल्य प्रमाण भाड्याच्या वर नेता येत नाही, असे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७९ च्या अखेरीस दिल्लीतील एका प्रकरणात मांडले. परिणामी जुन्या पेठेतील मोक्याच्या वाड्याची घरपट्टी अल्प आणि हद्दीवरच्या नव्या सदनिकेची जड, अशी विषमता निर्माण झाली.

आकारणीची यादी साधारणपणे चार वर्षांनी नव्याने होते. या ‘चतुर्थ वार्षिक’ आकारणीत नगररचना विभागाचा प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी सहभागी असतो. प्रारूप यादी प्रसिद्ध करणे, हरकती मागवणे, सुनावणी घेणे व यादी अंतिम करणे असा क्रम आहे. निवडणूक जवळ असली की फेरआकारणी पुढे ढकलण्याकडे कल असतो आणि एकदा चुकलेल्या फेरीची भरपाई पुढच्या अंदाजपत्रकांना करता येत नाही. घरपट्टीच्या मागणीबिलातच शिक्षणकर व रोजगार हमी कर येतात. ते राज्याचे असून १९६२ च्या कायद्याखाली नगरपरिषद केवळ वसूल करून भरणा करते. नागरिक मात्र बिलाची सारी रक्कम नगरपरिषदेलाच दिली असे समजतो.

तयारी व मंजुरी : मुख्याधिकारी हा राज्य शासनाचा अधिकारी खातेनिहाय मागण्यांवरून आराखडा तयार करतो. तो स्थायी समितीपुढून सर्वसाधारण सभेत जातो आणि १ एप्रिलपूर्वी मंजूर व्हावा लागतो. अंदाजपत्रकात महसुली (नेहमीच्या जमाखर्चाचा) व भांडवली (बांधकामे व मालमत्ता यांचा) असे मुख्य भाग असतात, शिवाय ठेवी व अग्रिमांची खाती वेगळी. महिला व बालकल्याण, दुर्बल घटक आणि दिव्यांग यांच्यासाठी ठरावीक टक्के रक्कम राखून ठेवावी लागते. कर्ज काढायचे तर शासनाची मान्यता हवी. सभेचा ठराव बेकायदेशीर वा लोकहितविरोधी वाटल्यास कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याला स्थगिती देऊ शकतो.

अंदाजपत्रक कायम ‘शिलकी’ असते. वृत्तपत्रांतून याचे कौतुक होते, पण ते फसवे आहे. आरंभीच्या शिलकेत योजनांचा अखर्चित निधी धरलेला असतो आणि तो पाणीयोजनेचा असेल तर त्यातून सफाई कामगारांचे वेतन देता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातही (२०२१–२६) दहा लाखांखालील शहरांना ६० टक्के रक्कम स्वच्छता व पाणी यांसाठी बंधित ठेवली गेली. नगरपरिषदेची खरी स्थिती पाहायची असेल, तर अखेरची शिल्लक बाजूला ठेवून स्वतःचे महसुली उत्पन्न आणि अबंधित निधी यांची बेरीज पाहावी.

सेवा : अधिनियम कर्तव्यांचे आवश्यक व स्वेच्छाधीन असे दोन गट करतो. दिवाबत्ती, सफाई, पाणी, गटारे, जन्ममृत्यू नोंद ही आवश्यक. उद्याने, नाट्यगृहे इत्यादी स्वेच्छाधीन. खर्चाच्या दृष्टीने पाणीपुरवठा सर्वांत अवघड. मलनिःसारण व्यवस्था असलेल्या शहरासाठी माणशी दररोज १३५ लिटर व नसलेल्यासाठी ७० लिटर हा प्रचलित मापदंड आहे. अनेक ठिकाणी पाणीपट्टी मीटरवर नसून नळजोडाच्या आकारावर, म्हणजे अर्धा इंची, पाऊण इंची अशी वार्षिक ठोक असते. उलट पंपांचे वीजबिल वापरावर येते. ही तूट घरपट्टीतून भरली जाते.

लेखे व तपासणी : पूर्वीची रोख पद्धती मागे पडून राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमपुस्तिकेच्या (२००४) धर्तीवर द्विनोंदी उपार्जित पद्धती आली, म्हणजे प्रत्येक व्यवहार जमा व नावे अशा दोन्ही बाजूंना आणि रक्कम देय होताच नोंदला जाऊ लागला. तपासणी स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग करतो.

प्रशासक काळ : २०२१ च्या अखेरीपासून बहुतेक नगरपरिषदांच्या मुदती संपत गेल्या. आरक्षणाच्या न्यायालयीन वादामुळे निवडणुका डिसेंबर २०२५ पर्यंत लांबल्या. या काळात प्रशासकांनी अंदाजपत्रके मंजूर केली आणि अनेक ठिकाणी प्रशासक म्हणून मुख्याधिकाऱ्याचीच नेमणूक होती. आराखडा मांडणारा व त्यावर मंजुरीची सही करणारा तेथे एकच होता. अधिनियमाने सभेकडे दिलेली चर्चा व कपातसूचना यांची पायरी त्या वर्षांच्या इतिवृत्तांत नाही.