गोळीला पर्याय: तीन महिन्यांच्या इंजेक्शनची पार्श्वभूमी

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सरकारी दवाखान्यांत पाळणा लांबवायचा आहे, पण रोजची गोळी जमत नाही, असं सांगणाऱ्या बाईला आज तांबी, ‘छाया’ ही आठवड्याची गोळी किंवा ‘अंतरा’ हे तीन महिन्यांचं इंजेक्शन सुचवलं जातं. एवढी निवड अलीकडचीच. १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९६५ मध्ये गर्भाशयात बसवायचा प्लॅस्टिकचा लूप आला. आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीनंतर पुरुष मागे सरले आणि सगळा भार बायकांच्या ऑपरेशनवर आला. पाळणा थांबवण्याची सोय गावोगाव पोचली, लांबवण्याची मागेच राहिली.

सगळ्यात लांबलेला वाद इंजेक्शनचा. १९८० च्या दशकात दोन महिन्यांच्या नेट-एन इंजेक्शनच्या चाचण्या चालू होत्या. बायकांना पुरती माहिती न देताच त्यात घेतलं जातं, असा आक्षेप स्त्री संघटनांनी घेतला आणि १९८६ मध्ये प्रकरण न्यायालयात गेलं. १९९३ मध्ये तीन महिन्यांच्या डीएमपीए इंजेक्शनला बाजारात परवानगी मिळाली, मात्र सरकारी कार्यक्रमात ते सरसकट आणू नये, असा सल्ला १९९५ मध्ये तज्ज्ञांनी दिला. २००४ मध्ये अमेरिकेत त्यावर हाडं विरळ होण्याचा ठळक इशारा छापला गेला. इंजेक्शन थांबवल्यावर ही झीज बऱ्याच अंशी भरून येते. २०१५ मध्ये तज्ज्ञांचं मत बदललं आणि २०१७ पासून तेच औषध ‘अंतरा’ नावाने मोफत मिळू लागलं. विरोध करणाऱ्यांमुळे बायकांची वीस वर्षं वाया गेली, असं म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. आधी नीट समजावणं आणि नंतर पाठपुरावा, या त्यांच्या मागण्या होत्या आणि ही पद्धत टिकते ती त्यावरच.

अंतराचा डोस १५० मिलिग्रॅमचा, दंडात किंवा कुल्ल्यावर खोल स्नायूत. औषध तळाशी बसतं, म्हणून कुपी आधी हलवून घ्यायची. टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही. तसं केलं तर औषध लवकर शोषलं जातं आणि असर आधीच ओसरतो. पहिला डोस पाळीच्या पहिल्या सात दिवसांत घेतला नसेल, तर पुढचे सात दिवस निरोध वापरावा. अंगावर पाजणाऱ्या आईला बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी चालतं. सुरुवातीला अवेळी डाग पडतात, पुढे अनेकींची पाळीच बंद होते. हे आधी सांगितलं नसेल तर बाई दिवस गेले म्हणून घाबरते आणि दुसऱ्या डोसला येतच नाही. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने लागतात. वर्षभरात मूल हवं असेल तर तांबी किंवा छाया बरी.

खान्देशात तारीख सांभाळणं विशेष अवघड. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं उन्हाळ्यात परततात; मधला डोस परमुलखात पडतो. ठरल्या तारखेआधी दोन आठवडे ते नंतर चार आठवडे अशी मुभा आहे. तेव्हा निघण्याआधी तारीख मोजावी आणि कार्ड पिशवीत ठेवावं.

नंदुरबारच्या अक्कलकुवा, धडगाव भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. तांबीने अंगावरून जास्त जातं, त्यामुळे आधीच रक्त कमी असलेल्या बाईला ती जड जाते. सिकलसेलमध्ये अंतरा निर्धोक मानलं जातं.

छायात हार्मोन नसतं. १९९१ पासून ती गोळी बाजारात होती, २०१६ मध्ये कार्यक्रमात आली. पहिले तीन महिने आठवड्यातल्या ठरलेल्या दोन वारी, मग आठवड्याला एक. चुकून सात दिवसांहून जास्त खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून. अलीकडे कावीळ झाली असेल किंवा अंडाशयात गाठी असतील तर देत नाहीत.

आता काही निवडक जिल्ह्यांत दंडात बसवायची तीन वर्षांची कांडी येते आहे. ती बसवून घेण्याआधी, काढणारा प्रशिक्षित माणूस आपल्याच तालुक्यात आहे का, हे विचारून घ्यावं.