स्वस्त टर्नटेबलची दोन घराणी

पहिलं टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, घ्यायचं म्हटलं की नवख्या माणसावर प्रश्नांचा मारा होतो. बेल्ट ड्राइव्ह (मोटर रबरी पट्ट्याने फिरवते) की डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर थेट फिरवते)? कार्ट्रिज, म्हणजे सुईच्या हालचालीची वीज करणारा भाग, सिरॅमिक की मॅग्नेटिक? त्या विजेला वाढवणारा प्रीअँप आतला की बाहेरचा? सुई धरणारा आर्म आपोआप उचलला जाणारा की हाताने उचलायचा? हे प्रश्न आजच्या जाहिरातींनी जन्माला घातलेले नाहीत. त्यातला प्रत्येक प्रश्न कुठल्या ना कुठल्या दशकात एखादी खरी अडचण सोडवताना उभा राहिला आणि तसाच मागे उरला. तो इतिहास माहीत असला की कमी पैशांत काय घ्यावं हे ठरवणं बरंच सोपं जातं, कारण मग दिसतं की स्वस्त टर्नटेबलची मुळात दोन घराणी आहेत. एका घराण्याने पैसे वाचवले ते नेमके रेकॉर्डच्या खाचेला भिडणाऱ्या भागांवर. दुसऱ्याने खाचेला भिडणारं सगळं जपलं आणि सोयींना कात्री लावली.

म्हणून आधी खाच. एडिसनचा १८७७ चा फोनोग्राफ नळकांड्यावर चालायचा. सपाट तबकडी आणली ती एमिल बर्लिनरने, १८८७ च्या पेटंटमधून. पुढची कित्येक दशकं लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांची होती. त्यांच्या लाखेत दगडाची बारीक पूड मुद्दाम मिसळलेली असे, म्हणजे पोलादी सुई घासली जाऊन खाचेच्या आकाराची व्हावी. एक बाजू वाजली की सुई फेकून द्यायची. झीज व्हायची ती आधी सुईची, कारण सुई स्वस्त होती. पुढे हे गणित उलटं झालं.

२१ जून १९४८ रोजी कोलंबियाने न्यूयॉर्कमध्ये एलपी जाहीर केली: १२ इंची, व्हिनाइलची, मिनिटाला ३३⅓ फेरे, एका बाजूला २० मिनिटांहून जास्त संगीत. हा अपूर्णांकातला वेग कोलंबियाचा नव्हे. १९२६ च्या व्हिटाफोन पद्धतीत चित्रपटाचा आवाज १६ इंची तबकडीवर असायचा आणि ती तबकडी एका रिळाइतकी, म्हणजे सुमारे ११ मिनिटं चालायला हवी होती, त्या हिशेबातून तो वेग आला. १९४९ मध्ये आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची ७ इंची तबकडी काढली. दोघांपैकी कोणीच हटलं नाही, म्हणून आजही जवळजवळ प्रत्येक टर्नटेबलला हे दोन वेग असतात.

वेगापेक्षा मोठा बदल खाचेत झाला होता. ७८ च्या तबकडीसाठी सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे ७५ मायक्रॉन लागायची, एलपीसाठी ती २५ वर आली आणि स्टिरिओच्या काळात आणखी खाली, १८ च्या आसपास. (म्हणूनच नुसतं ७८ चं बटण असून भागत नाही, त्या तबकड्यांना वेगळी सुई लावावी लागते.) एलपीच्या एका बाजूची खाच उलगडून सरळ केली तर जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल. प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ज्यावर बसते ती फिरती थाळी, एकाच गतीने फिरत असला तरी बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर खाच सरकते आणि आतल्या टोकाला जेमतेम २१. तेवढ्याच क्षणाचं संगीत तिथे निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं. त्यामुळे सुई कशी आहे हे ओळखायला बाजूचं शेवटचं गाणं लावावं. सुई जाडीभरडी असेल किंवा आर्म नीट लावलेला नसेल, तर गाणाऱ्याच्या आवाजातले ‘स’ आणि ‘श’ तिथे फाटतात, आणि पहिल्या गाण्यात ते ठीक वाटलेले असतात.

त्यात स्टिरिओ आला. ॲलन ब्लमलाइनने १९३१ मध्येच पेटंटासाठी मांडणी केली होती: खाचेच्या दोन भिंती ४५ अंशांत, प्रत्येक भिंतीवर एक वाहिनी. बाजारात अशा रेकॉर्ड यायला १९५७-५८ उजाडलं. आता सुईला आडवं हलून पुरेना, वरखालीही हलायला हवं होतं. ज्या कार्ट्रिजची सुई उभ्या दिशेला ताठ होती, ते स्टिरिओ रेकॉर्डच्या खाचेतले चढउतार अक्षरशः खरवडून काढत असे.

पहिलं घराणं याच काळात बहरलं. क्रिस्टल आणि नंतर सिरॅमिक कार्ट्रिज दाबावर वीज देणाऱ्या पदार्थांवर चालतं. त्याचा गुण असा की ते शेकडो मिलिव्होल्ट देतं. पाठीमागे अगदी साधा, एखाद्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर असला तरी स्पीकर बोलायला लागतो. त्यात एकावर एक रेकॉर्ड रचून आपोआप खाली सोडणारा चेंजर जोडला की झालं घरगुती यंत्र तयार. ब्रिटनमध्ये बीएसआरने असे चेंजर अफाट संख्येने बनवले आणि १९५०-६० च्या दशकांत डॅनसेटसारख्या हँडलवाल्या पेट्यांमधून ते तरुणांच्या खोल्यांत पोहोचले. त्या पेट्यांना मी नावं ठेवणार नाही. ज्यांना दिवाणखान्यातल्या मोठ्या रेडिओग्रामला हात लावायची परवानगी नव्हती, त्यांना त्यांनी स्वतःचं संगीत दिलं. पण किंमत कुठे वसूल झाली तेही पाहायला हवं: सुईचा भार ५ ग्रॅम आणि त्याहूनही जास्त, सुई ताठ, आणि स्पीकर त्याच पेटीत असल्यामुळे त्याचा कंप फिरून सुईपर्यंत.

मॅग्नेटिक कार्ट्रिजचा मार्ग जास्त खर्चाचा होता. सुईच्या दांडीला चिकटवलेला छोटासा चुंबक स्थिर कॉइलपाशी हलतो, त्याला मूव्हिंग मॅग्नेट म्हणतात. स्टिरिओसाठी अशा सुरुवातीच्या कार्ट्रिजांपैकी एक, एम३डी, शुअरने १९५८ मध्ये आणलं. दांडी हलकी आणि लवचीक ठेवता येते, त्यामुळे दीड-दोन ग्रॅम भारातही सुई खाच सोडत नाही. मोबदल्यात मिळतात फक्त ४-५ मिलिव्होल्ट. सीडी प्लेअर देतो त्याच्या चारशेव्या हिश्शाइतके. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खर्जाचे सूर दाबलेले आणि वरचे चढवलेले असतात, कारण खर्ज पूर्ण ताकदीने कोरला तर खाच इतकी नागमोडी होईल की शेजारच्या खाचेत घुसेल. पूर्वी प्रत्येक कंपनीचं हे प्रमाण वेगळं असे. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेचा, आरआयएएचा, एक वक्र ठरला आणि हळूहळू सगळे त्यावर आले. वाजवताना तो उलटा लावायचा: १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झपाशी जवळजवळ २० डेसिबल वाढ, २० किलोहर्ट्झपाशी तेवढीच घट. ही दोन्ही कामं, म्हणजे आवाज वाढवणं आणि वक्र उलटवणं, करणारी पेटी म्हणजे फोनो प्रीअँप. अनेक वर्षं ती ॲम्प्लिफायरच्या आतच असायची, त्यामुळे तिचं नावही घ्यावं लागत नसे.

दुसऱ्या घराण्याचा मूळ पुरुष म्हणून मी एडगर व्हिलचर यांचं नाव घेईन. अमेरिकेतल्या अकूस्टिक रिसर्च या त्यांच्या कंपनीने १९६१ मध्ये एक्सए हे टर्नटेबल आणलं. त्यात आपोआप चालू-बंद होण्याची सोय नव्हती, चेंजर नव्हता, शोभेचं काही नव्हतं. पण विचार अस्सल होता. प्लॅटरचं बेअरिंग आणि टोनआर्म एकाच ताठ पट्टीवर बसवले आणि ती पट्टी तीन स्प्रिंगांवर तरंगत ठेवली. मोटर मात्र बाहेर, वरच्या पत्र्याला. दोघांमध्ये दुवा फक्त रबरी पट्ट्याचा. त्यामुळे मोटरची घरघर पट्ट्यातच जिरायची, आणि जमिनीचे हादरे आले तरी आर्म आणि रेकॉर्ड एकत्र हलायचे, सुईला ते जाणवायचेच नाहीत. खोक्यावर हातोडी मारून दाखवली तरी सुई उडत नसे. तोवर बहुतेक चांगल्या यंत्रांत मोटरचा फिरता दांडा रबरी चाकामार्फत थेट प्लॅटरला रेटायचा. ताकद भरपूर, पण मोटरचा कंपही सोबत यायचा आणि तो झाकायला जड, महाग घडण लागायची. एक्सए त्यांच्यापेक्षा कितीतरी स्वस्त होतं.

पुढे या विचाराला फाटे फुटले. ब्रिटनमध्ये १९७३ मध्ये सुरू झालेल्या रेगाने स्प्रिंगाही काढून टाकल्या आणि हलका, ताठ पाया घेतला. पैसा जायचा तो बेअरिंग आणि आर्मवर. १९९१ मध्ये, रेकॉर्ड संपल्या असं उद्योगाने ठरवून टाकलेलं असताना, हाइन्त्स लिख्टेनएगर यांनी प्रो-जेक्ट सुरू केली आणि झेक प्रदेशातल्या लितोव्हेलमध्ये साधी बेल्ट ड्राइव्ह यंत्रं बनवायला घेतली. त्या दशकाच्या अखेरीस आलेलं त्यांचं डेब्यू कित्येकांचं पहिलं टर्नटेबल ठरलं. एक्सए, रेगाची स्वस्त मॉडेलं आणि जुनी डेब्यू यांच्यात एक गोष्ट समान आहे: ३३ वरून ४५ वर जायचं तर प्लॅटर उचलायचा आणि पट्टा पुलीच्या दुसऱ्या पायरीवर बोटाने सरकवायचा. नवीन घेणारे याबद्दल कुरकुर करतात आणि ते समजण्यासारखं आहे. पण वेग बदलण्याच्या बटणासाठी लागणारा पैसा इथे कार्ट्रिजकडे वळवलेला असतो. एलपीच ऐकणार असाल तर हा सौदा मला तरी नेहमीच फायद्याचा वाटतो.

डायरेक्ट ड्राइव्हचा उगम वेगळा आहे. टेक्निक्सच्या १९७० च्या एसपी-१० मध्ये मोटरच प्लॅटरखाली आली, ना पट्टा ना चाक. १९७२ मध्ये एसएल-१२०० आलं आणि १९७९ मध्ये त्याची एमके२ आवृत्ती, क्वार्ट्झने बांधलेला वेग आणि तो कमी-जास्त करणारी सरकपट्टी घेऊन. मधल्या काळात, १९७३ पासून, न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये डीजे कूल हर्क गाण्यांमधला तालाचा तुकडा दोन टर्नटेबलांवर लांबवत होते. रेकॉर्ड हाताने अडवायची, मागे फिरवायची, सोडताक्षणी पूर्ण वेगात हवी, हे पट्ट्याला झेपणारं नव्हतं. डायरेक्ट ड्राइव्हला ते जमलं. आजची कमी किमतीची डायरेक्ट ड्राइव्ह यंत्रं बहुतेक १२०० चं रूप घेऊन येतात. वेग स्थिर, पट्टा बदलण्याची कटकट नाही, दोन्ही खऱ्या सोयी आहेत. पण ज्याला फक्त ऐकायचं आहे त्याने ती सरकपट्टी, सुईवर उजेड टाकणारा दिवा आणि वेग तपासायच्या कडेच्या ठिपक्यांचे पैसे आपण मोजतो आहोत हे लक्षात ठेवावं.

१९८२ मध्ये सीडी आली आणि १९९० च्या दशकात नव्या ॲम्प्लिफायरवरून फोनोचं, म्हणजे टर्नटेबल जोडायचं, छिद्र आणि आतला प्रीअँप नाहीसे होत गेले. आजच्या नवख्याचा निम्मा गोंधळ इथून आला आहे. रेकॉर्ड परतल्या तेव्हा त्या जोडायला घरात जागाच उरली नव्हती. यावर दोन उत्तरं निघाली. एक, टर्नटेबलच्या आतच प्रीअँप बसवायचा आणि मागे तो बंद करायचं बटण द्यायचं, म्हणजे पुढे चांगला बाहेरचा घेता येतो. दुसरं, जुनं पेटीचं घराणंच पुन्हा उघडायचं: सिरॅमिक कार्ट्रिजला प्रीअँप लागतोच कुठे? सूटकेससारखे दिसणारे, १२ इंची रेकॉर्ड ज्यांच्या प्लॅटरबाहेर लोंबते आणि ज्यांच्या आर्मला मागे वजनच नसतं, ते सगळे त्या घराण्यातले. एकदोनदा वाजवून रेकॉर्ड वाया जात नाही. पण डॅनसेटच्या काळात त्याच्यावर बहुधा स्वस्तातलं सिंगल, म्हणजे छोटी रेकॉर्ड, वाजत असे, आणि आज त्यावर ठेवली जाणारी नवी एलपी हा घेणाऱ्याचा मोठा खर्च असतो. मागणी काही थोडी नाही. अमेरिकेत २०२० मध्ये व्हिनाइलच्या विक्रीची रक्कम सीडीच्या पुढे गेली, १९८६ नंतर प्रथमच, आणि २०२२ मध्ये नगांची संख्याही.

दोन्हींच्या मध्ये ऑडिओ-टेक्निकाचं एलपी६० आहे. पूर्ण आपोआप चालतं, प्रीअँप आत, कार्ट्रिज मॅग्नेटिक आणि सुई बदलता येणारी. मात्र कार्ट्रिज आर्मला कायमचं जोडलेलं, आर्मचा भार ठरलेला. ज्याला काहीच जुळवायचं नाही त्याला मी हे बिनदिक्कत सुचवतो. त्याच्या वरच्या पायरीवर पाठीमागे फिरणारं वजन, बाजूला अँटिस्केटिंग (आर्मची आत जाणारी ओढ तोलायची सोय) आणि दोन स्क्रूंनी निघणारं कार्ट्रिज मिळतं. जास्तीचा पैसा घालायचा तर तिथे. याच कंपनीच्या व्हीएम९५ कार्ट्रिजचं अंग एकच असून त्यावर शंकूच्या टोकाच्या साध्या सुईपासून बारीक धारेच्या मायक्रोलिनिअरपर्यंत, आणि ७८ च्या जाड सुईपर्यंत, कुठलीही सुई ओढून काढून दुसरी बसवता येते. शेवटच्या गाण्यातला फाटका ‘स’ नुसती सुई बदलून सुधारू शकतो.

जुनं यंत्र हा तिसरा मार्ग. १९७० च्या दशकात चढाओढीमुळे मध्यम किमतीच्या यंत्रांतही उत्तम आर्म आणि बेअरिंग मिळायची. त्यात पट्टा ताणलेला असतो, आपोआप चालणाऱ्या यंत्रांतलं ग्रीस घट्ट होऊन आर्म अर्ध्यात अडकतो, पण ही दुरुस्ती होते. १९८० च्या सुमारास टेक्निक्सने काढलेल्या पी-माउंट पद्धतीत कार्ट्रिज प्लगसारखं खोचलं की झालं, भार १.२५ ग्रॅम ठरलेला. नवख्यासाठी फार सोयीची, पण आज तिच्यासाठी कार्ट्रिज मोजकीच बनतात. शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणं थांबवलं, त्यांच्या जुन्या कार्ट्रिजांना आता दुसऱ्या उत्पादकांच्या सुयांवर अवलंबून राहावं लागतं. तेव्हा जुन्या यंत्राचं लाकूड आणि चकाकी पाहण्याआधी आर्मचं टोक उलटं करून कार्ट्रिजचं मॉडेल वाचावं, त्याची सुई अजून मिळते का आणि केवढ्याला मिळते ते शोधावं, आणि ती रक्कम यंत्राच्या किमतीत मिळवूनच सौद्याला बसावं.